तीन दिवसांचं व्हिएन्ना, बेतशीर खर्चात
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे अजूनही दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक, बारा दिवसांत आठ देश दाखवणारी आणि पहाटे बॅगा दाराबाहेर ठेवायला लावणारी सहल. दुसरी, ज्यांना खर्चाची चिंताच नसते अशांची. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक तिसराच प्रवासी तयार झाला आहे. पुणे, नाशिक, सांगलीकडच्या कितीतरी घरांतली मुलं नोकरीसाठी जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये स्थिरावली. आईवडील दीड-दोन महिने त्यांच्याकडे जातात. मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि हे दोघं खिडकीतून रस्ता बघत बसलेले. मुलाला रजा काढायला सांगायचा संकोच, त्याच्या खर्चाचाही संकोच. अशा दोघांनी आपल्या पेन्शनच्या पैशांत एखादी राजधानी स्वतःच्या हिमतीवर पाहून यावी, यासाठी आजचं हे बोलणं आहे.

उदाहरण म्हणून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना घेऊ. म्युनिकहून थेट रेल्वेने तिथे साधारण चार तासांत पोचता येतं. जर्मनीसाठी मिळालेला शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियातही चालतो. मात्र गाडीत तपासणी होऊ शकते, म्हणून मूळ पासपोर्ट जवळच हवा, आणि आरोग्य विम्याचे कागदही. शहर वयस्कांना सोयीचं आहे. भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहे.

छोट्या सहलीत पैसा जातो तो बहुतेक घाईपायी. उशिरा काढलेलं तिकीट, वाट चुकल्यावर केलेली टॅक्सी, पोटात कावळे ओरडू लागल्यावर चर्चच्या दारातलंच महागडं हॉटेल. चार गोष्टी आधी ठरवल्या, तर यातला मोठा भाग वाचतो.

पहिली गोष्ट वार. नोकरदार माणूस शनिवार-रविवार गाठतो, आणि गाड्यांना आणि हॉटेलांना गर्दीही तेव्हाच होते. शिवाय रविवारी ऑस्ट्रियात मोठ्या स्थानकांवरची दुकानं सोडली तर किराणा दुकानं बंद असतात, आणि सोमवारी अनेक संग्रहालयांना सुट्टी असते. म्हणून मंगळवारी दुपारी पोचावं आणि शुक्रवारी सकाळी निघावं. रजेवर अवलंबून नसणं ही निवृत्त माणसाची श्रीमंती आहे, ती इथे वापरावी. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळचे बाजार भरतात, तेव्हा आणि नववर्षाच्या सुमारास मुक्कामाचे दर चढतात; ते दिवस टाळावेत.

दुसरी गोष्ट रेल्वेचं तिकीट. ऑस्ट्रियन आणि जर्मन रेल्वेची सवलतीची तिकिटं संख्येने मोजकी असतात. आधी काढणाऱ्याला ती स्वस्त पडतात, पण ती त्याच गाडीपुरती असतात. आसन राखायचं तर थोडे पैसे वेगळे द्यावे लागतात. ते जरूर द्यावेत.

तिसरी गोष्ट मुक्काम. जुन्या शहराच्या पोटात राहण्याचा हट्ट नको. भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, जरा बाहेर, पण छोटं स्वयंपाकघर असलेली खोली पाहावी. मुलाच्या घरून डाळ-तांदूळ नेले की रात्रीची खिचडी होते. चौथी गोष्ट शहरातला प्रवास. चोवीस तासांचं एकच तिकीट भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस या सगळ्यांत चालतं. स्थानकावर अडवणारी दारं नाहीत, पण म्हणून निष्काळजी राहू नये. कागदी तिकिटावर प्रवासाआधी यंत्रात शिक्का मारायचा असतो. विनातिकीट सापडल्यास शंभर युरोंहून अधिक दंड होतो, आणि 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही.

आता पाहायचं काय? माझं सूत्र असं आहे : दिवसाला दोन गोष्टी फुकटातल्या, आणि सबंध सहलीत एक-दोनच हौशी पैसे मोजून.

मंगळवारी दुपारी सामान खोलीवर टाकलं की ट्राम पकडावी. जुन्या व्हिएन्नाभोवती तटबंदी होती. 1857 साली सम्राट फ्रान्झ योसेफने ती पाडायचा हुकूम दिला, आणि त्या जागी रिंगस्ट्रासे हा रुंद वर्तुळाकार रस्ता झाला. 1 आणि 2 क्रमांकाच्या ट्राम त्याच्या वेगवेगळ्या भागांतून धावतात. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ हे सगळं खिडकीतून दिसतं. पर्यटकांच्या बसचे पैसे वाचले! मग सेंट स्टीफन्स कॅथेड्रलमध्ये जावं. मागच्या भागापर्यंत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, मनोऱ्यावर चढायला पडतात.

संध्याकाळची पहिली हौस म्हणजे 1869 साली सुरू झालेलं स्टेट ऑपेरा. इथल्या उत्तम खुर्च्या शेकडो युरोंच्या, पण उभ्याने पाहण्याची तिकिटं त्याच दिवशी, साधारण सिनेमाच्या तिकिटाच्या दरात मिळतात. उभं राहायची जागा कठड्याला रुमाल बांधून धरायची, असा तिथे वर्षानुवर्षांचा रिवाज होता. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या माणसाला तो काय शिकवायचा! गुडघे दुखत असतील तर मध्यंतराला निघून यावं. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये इमारतीशेजारच्या चौकात मोठ्या पडद्यावर अनेक प्रयोग फुकट दाखवतात, तेही बसून पाहता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिथे ऑपेराचे प्रयोग नसतात.

बुधवारी सकाळी शोनब्रुन. राजवाड्याच्या आत जायला तिकीट आहे, पण विस्तीर्ण बागेत फिरायला नाही. बागेच्या टोकाला टेकडी आहे. तिच्यावरून मागे वळून पाहिलं की राजवाडा आणि पलीकडचं सबंध शहर दिसतं. दुपारी कार्ल्सप्लाट्झवरचं शहराचं संग्रहालय, व्हिएन म्युझियम पाहावं. डिसेंबर 2023 मध्ये ते नव्या रूपात उघडलं, आणि तिथलं कायमचं प्रदर्शन मोफत आहे. रोमनांच्या छावणीपासून आजपर्यंत हे शहर कसं वाढलं, ते तिथे कळतं.

गुरुवारी सकाळी 71 क्रमांकाची ट्राम घ्यावी. ती मध्यवर्ती दफनभूमीकडे जाते. व्हिएन्नात कुणी वारलं, तर 'त्याने 71 पकडली' असं म्हणायची पद्धत आहे. बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स तिथे जवळजवळ विसावले आहेत. दाट झाडी, शांतता, आणि प्रवेशाला एक पैसा नाही.

दुपारनंतर दुसरी हौस. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे राजघराण्याने जमवलेल्या कलेचा खजिना. तिकीट स्वस्त नाही, पण पासष्टीच्या पुढे सवलत आहे आणि गुरुवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. सगळी दालनं पालथी घालू नयेत. ब्रॉयगेलच्या दालनात बाकावर बसावं. सोळाव्या शतकातला हा चित्रकार. त्याच्या चित्रांचा जगातला सर्वात मोठा संग्रह इथेच आहे. शेतकऱ्यांच्या लग्नाच्या पंगतीत दारच्या फळीवरून ताटल्या वाढायला नेणारी माणसं त्याने रंगवली आहेत. लग्नघरात वाढप केलेल्या कुणालाही ती परकी वाटणार नाहीत.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. 1873 सालापासून व्हिएन्नाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाने येतं, आणि रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे एक हजाराहून अधिक नळ आहेत. मुख्य जेवण दुपारी करावं. कामाच्या दिवशी अनेक हॉटेलांत दुपारचं ठरावीक जेवण स्वस्तात मिळतं. शाकाहारींनी सूपची चौकशी करावी, ते बहुधा गोमांसाच्या रश्शात केलेलं असतं. आणि एकदा तरी जुन्या कॉफीहाउसमध्ये बसावं. कॉफी महाग वाटेल, पण सोबत पाण्याचा पेला येतो, वर्तमानपत्रं असतात, आणि एका कपावर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. ते पैसे कॉफीचे नव्हेत, विसाव्याचे समजावेत.

बेत कागदावर मांडताना चार पाकिटं करावीत : रेल्वे, मुक्काम, रोजचा खर्च आणि हौस. पहिली दोन निघण्यापूर्वीच भागलेली असतात. रोजच्या खर्चात पाव भाग अडीअडचणीला ठेवावा. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी वेगळी ठेवावीत. हौसेच्या पाकिटाला मात्र काटकसरीचा हात लावू नये. बाकीची तीन सांभाळायची ती त्याच्यासाठीच.

बरंच काही पाहायचं राहील. राहू द्यावं. नकाशा पाहून, आपलं तिकीट आपण काढून, परक्या शहरात दोघांनी तीन दिवस निभावले, ही कमाई लहान नाही. पुढच्या खेपेला मुलाला रजा मिळाली तर त्याला सोबत न्यावं, आणि 71 ची ट्राम कुठून सुटते, ते आपण त्याला दाखवावं.