लॅमोट्रिजिनची सावकाश चढण

अपस्मार आणि द्विध्रुवीय मनोविकार या दोन्ही व्याधींवर दिले जाणारे लॅमोट्रिजिन हे औषध प्रौढांस बहुधा पहिले 2 आठवडे रोज 25 मिलिग्रॅम, पुढील 2 आठवडे 50 मिलिग्रॅम अशा मंद गतीने का चढवितात, आणि व्हॅल्प्रोएट सोबत चालू असल्यास ही मात्रा निम्म्यावर का आणतात, याचे कारण त्वचेशी निगडित आहे; घाईने मात्रा वाढविल्यास स्टीव्हन्स-जॉन्सन नामक, क्वचित उद्भवणारा परंतु प्राणावर बेतणारा विकार होण्याचा धोका वाढतो. म्हणून आरंभीच्या 2 महिन्यांत अंगावर पुरळ उठले, ओठांच्या आतल्या बाजूस फोड आले वा डोळे लाल होऊन ताप भरला, तर घामोळे समजून शंखजिरे लावीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

मला विशेष काळजी वाटते ती लग्नकार्यास परगावी निघताना फडताळातच राहून गेलेल्या गोळ्यांच्या पाकिटाची. औषध एकाएकी सुटले की झटके उसळण्याची भीती असते. आणि 5 दिवसांहून अधिक खंड पडला असेल, तर परतल्यावर डॉक्टरांना न विचारता जुनी पूर्ण मात्रा परस्पर सुरू करणेही तितकेच धोक्याचे, कारण ही चढण बहुधा पुन्हा पायथ्यापासूनच चढावी लागते. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या भगिनींनी तसे डॉक्टरांना आवर्जून कळवावे. त्या गोळ्यांमुळे रक्तातील लॅमोट्रिजिन जवळजवळ निम्म्यावर येते.