आधी कान, मग कॅमेरा



मी चित्रकलेचा मास्तर. मुलांच्या हाती पहिल्यांदा कॅमेरा दिला तेव्हा माझी फजिती झाली, ती आधी सांगून टाकतो. सातवीच्या वर्गाला म्हटलं, 'घरच्यांचा मोबाइल मागून घ्या आणि परिसराचे फोटो काढून आणा.' सोमवारी शंभरेक फोटो आले. सूर्यास्त, गुलाब, देवळाचा कळस, पुन्हा सूर्यास्त. आमचं गाव काही त्यात सापडेना. मुलांचा काय दोष? 'परिसर' हा शब्द आपण प्रकल्पवहीत इतका झिजवलाय, की तो कानावर पडताच मुलं कॅलेंडरातली चित्रं शोधू लागतात.

वाट दाखवली ती एका संगीतकारानं. कॅनडातले मरे शेफर. १९६७ साली त्यांचं 'इअर क्लीनिंग' नावाचं छोटं पुस्तक निघालं. आपल्या भाषेत कानातला मळ काढणं. त्यातला एक खेळ असा : कागदाचा एक ताव अख्ख्या वर्गातून हातोहात फिरवायचा, जरासुद्धा आवाज न करता. आमच्याकडे तिसऱ्या बाकापाशीच कागद कुरकुरला. पण तोवर जी शांतता झाली, तिच्यात पंख्याची करकर आणि शेजारच्या वर्गातले पाढे मुलांना ऐकू आले. रोजचेच आवाज, पण त्या दिवशी मुलं ते ऐकून हसली! पुढे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हँकुव्हर शहराचे आवाज ध्वनिमुद्रित केले, १९७३ मध्ये ते प्रसिद्धही झाले.

मग मी गृहपाठ बदलला. घरातला एकच आवाज, एक मिनिटभर टिपायचा. तो वर्गात सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचा. आणि मग त्या आवाजाचा फोटो काढायचा, तोही एकच.

एका मुलीनं भाकरी थापण्याचा आवाज आणला. थप थप थप, मध्येच परातीत भाकरी फिरवल्याची खसखस, पुन्हा थप थप. आमच्या संगीताच्या बाई मांडीवर बोटं मोजत होत्या. म्हणाल्या, 'अहो, सहा-सहाच्या थापा आहेत, हा दादराच की!' पोरांनी लगेच बाकांवर ठेका धरला, कुणी त्यात पिठाच्या गिरणीचा पट्टा मिसळला, कुणी एसटीचा हॉर्न. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, वर्गावर शिक्षकच नाही.

'एकच फोटो' हा हट्ट कशासाठी, असं पालक विचारतात. वेंडी एवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकर्तीनं १९७५ नंतर केंटकीच्या डोंगराळ भागातल्या शाळकरी मुलांच्या हाती कॅमेरे दिले. १९८९ च्या सुमारास आपल्या शेजारी गुजरातेत, विच्छिया गावातही. स्वतः, घरची माणसं, जनावरं आणि स्वप्नं, हे त्या मुलांचे विषय. केंटकीतली पोरं अंधाऱ्या खोलीत फिल्म स्वतः धुवायची. फिल्म मोजकी, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार व्हायचा. मोबाइलनं तो विचार फुकटात काढून घेतला. मी तो परत मागतोय, एवढंच.

त्या मुलीचा फोटोही सांगायला हवा. परात नाही, चूल नाही. कोपरापर्यंत वर सरकवलेल्या हिरव्या बांगड्या आणि मनगटाला लागलेलं ज्वारीचं पीठ. पालकसभेला तिची आई आली, भिंतीवरच्या फोटोपाशी थबकली आणि जरा रुसूनच म्हणाली, 'तोंड का गं नाही काढलंस माझं?'

'तोंडाचा आवाजच नव्हता ना त्यात,' मुलगी म्हणाली.