चौथा प्रयत्न, दोन यार्ड

आज बोलूया अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या एका मॅचबद्दल. मेस्सी-रोनाल्डोवाला फुटबॉल नाही हं. हेल्मेट घालून, लांबट बॉल हातात धरून पळतात ना, तो.

4 जानेवारी 2006. कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना, रोझ बोल स्टेडियम, नव्वद हजारांवर प्रेक्षक. समोरासमोर यूएससी आणि टेक्सास. दोघंही सीझनमध्ये 12 पैकी 12 जिंकून आलेले. यूएससी तर सलग 34 मॅचेस हरलेच नव्हते! वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी जिंकलेले दोघं त्यांच्याकडे: 2004चा मॅट लायनार्ट आणि 2005चा रेजी बुश. 2005 ला बुशच्या मागे दुसरा आला होता विन्स यंग, टेक्सासचा क्वार्टरबॅक.

आता एक नियम लक्षात ठेवा. चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं. जमलं तर नवे चार प्रयत्न. नाही जमलं तर बॉल तिथेच समोरच्यांना. म्हणून चौथ्या प्रयत्नाला टीम सहसा पंट करते, म्हणजे बॉल लांब लाथाडून देते.

शेवटची दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेत. यूएससी 38, टेक्सास 33. यूएससीचा चौथा प्रयत्न, हवेत फक्त दोन यार्ड. कोच पीट कॅरल पंट करत नाही. बॉल लेनडेल व्हाइटकडे जातो. टेक्सासची भिंत त्याला थोडक्यात अडवते. मग यंग टीमला 56 यार्ड पुढे नेतो आणि 19 सेकंद बाकी असताना, तोही चौथ्याच प्रयत्नाला, आठ यार्ड पळत जाऊन टचडाऊन करतो. 41-38, टेक्सास चॅम्पियन.

आणि मग खापर कॅरलच्या डोक्यावर!

पण थांबा, निकाल जरा झाकून ठेवूया. त्या क्षणी कॅरलला काय माहीत होतं? यंगला कुणी रोखू शकत नव्हतं. त्यानं त्या रात्री पळून 200 आणि पास करून 267 यार्ड काढले. आधीच्याच खेळीत त्यानं टचडाऊन केलं होतं. उलट यूएससीनं दुसऱ्या हाफमध्ये चार टचडाऊन केले होते, त्यातले दोन याच व्हाइटचे. दोन यार्ड मिळाले असते तर यंगच्या हातात बॉल जाण्याआधीच वेळ जवळजवळ संपला असता. पंट केला असता तर काय? यंगला थोडं लांब पळावं लागलं असतं, एवढंच. माझ्या मते निर्णय बरोबर होता.

त्या खेळीला बुश मैदानाबाहेर होता, यावर मात्र जरूर वाद घाला. तो वेगळा प्रश्न आहे. निर्णय एक, अंमलबजावणी दुसरी आणि निकाल तिसरा. आपण तिन्हींची खिचडी करतो. सॉफ्टवेअरमध्येही तेच: रिलीज चाललं की घेतलेली रिस्क ‘व्हिजन’ ठरते, पडलं की ‘बेफिकिरी’. कोड तोच असतो! ज्याचा शेवट गोड ते सगळंच गोड, असं म्हणतात. पण त्यानं शिकायला काहीच मिळत नाही, आणि पुढच्या वेळी माणूस बरोबर निर्णय घ्यायलाही घाबरतो.

म्हणून कुणाला बोल लावण्याआधी एवढं विचारा: तेव्हा त्याच्या हातात काय होतं? तुम्ही कॅरलच्या जागी असता तर काय केलं असतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!