समुद्राच्या तळाशी कोण राहते?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की पगार, बोनस आणि संप यांवरच बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मात्र मी आपणांस समुद्राच्या तळाशी नेणार आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. सांगणार आहे ते वाचून जमवलेले. परंतु विषय मुद्दाम निवडला आहे. "तिथे कोणी राहत नाही" हे वाक्य माझ्या कामात मी फार वेळा ऐकले आहे. ज्या जागेवर कोणाचा डोळा असतो, ती कागदावर आधी ओसाड होते. समुद्रतळाविषयीही हेच वाक्य विद्वानांच्या तोंडी होते.

एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१-४२ मध्ये एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. खोल जावे तसे प्राणी कमी सापडत. त्यावरून त्याने अनुमान काढले की, सुमारे ३०० फॅदम, म्हणजे साडेपाचशे मीटरांखाली जीवसृष्टी नसावी. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने हजारो मीटर खोलीवरून जिवंत प्राणी वर काढले आणि ते अनुमान बुडाले. तरीही एक समजूत उरलीच. हे अंधारातले जीव वरून गळणाऱ्या उष्ट्यावर जगतात. सर्वांचे अन्न शिजते ते सूर्याच्या चुलीवर, अशी ती समजूत.

फेब्रुवारी १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ, पॅसिफिक महासागरात, 'अल्विन' नावाची तीन माणसांची पाणबुडी सुमारे अडीच हजार मीटर खाली उतरली. तळाच्या भेगांतून ऊन पाणी येत असावे, असा भूशास्त्रज्ञांचा तर्क होता. पाणी सापडलेच, पण भोवती शिंपल्यांची, खेकड्यांची आणि लांबच लांब नळीकृमींची दाटी होती! या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. तिथे जीव असतील असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. नमुने टिकवायला औषधी द्रावण पुरेना, तेव्हा पनामात घेतलेला रशियन व्होडका कामी आला. पाण्याची बाटली उघडली तो कुजक्या अंड्यांचा वास.

तो वास आपल्याला अगदीच परका नाही. कोकणात उन्हवऱ्याच्या कुंडावर गंधकाचा वास ज्याने घेतला असेल, त्याला हे चटकन उमगेल. मात्र समुद्रतळी आच फार मोठी. पृथ्वीचे कवच जिथे दुभंगून दूर सरकते, तिथे समुद्राचे पाणी भेगांतून खाली झिरपते, तप्त शिलारसाच्या सान्निध्यात तापते, खडकातील लोह, तांबे, जस्त विरघळवते आणि गंधकयुक्त वायू घेऊन उसळून वर येते. १९७९ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेला 'अल्विन'ला काळ्या धुराची धुराडीच दिसली. उष्णतामापकाच्या प्लॅस्टिकची टोके वितळली! पुढे मोजले तेव्हा पाणी ३५० अंश सेल्सिअसच्या घरात निघाले. इतके तापूनही ते उकळत का नाही? गिरणीच्या बॉयलरवर काम केलेला माणूस उत्तर देईल: दाब वाढला की उकळण्याचा बिंदू वर सरकतो. तिथे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २५० किलोंचा भार असतो. हे पाणी बाहेरच्या दोन अंशांच्या पाण्याला भिडताच धातूंची गंधकाशी झालेली संयुगे कणरूपाने बाहेर पडतात. तोच काळा धूर; त्यातूनच धुराडी रचली जातात.

आता त्या नळीकृमीकडे वळू. लांबी दोन मीटरपर्यंत, पण तोंड नाही, आतडेही नाही. मग तो जेवतो कसा? १९८० मध्ये हार्वर्डला मेरेडिथ जोन्स या प्राणिशास्त्रज्ञाचे व्याख्यान चालू होते. कृमीच्या पोटात गंधकाचे स्फटिक सापडतात, असे ते म्हणाले. कॉलीन कॅव्हॅनॉ ही विद्यार्थिनी तिथेच उभी राहिली आणि म्हणाली की, आत गंधकावर जगणारे जिवाणू असले पाहिजेत. १९८१ मध्ये तिने पुराव्यानिशी ते प्रसिद्ध केले. कृमी आपल्या लाल रक्तातून प्राणवायू आणि गंधकयुक्त वायू जिवाणूंना पोचवतो. जिवाणू त्यांच्या संयोगातून शक्ती मिळवून अन्न तयार करतात आणि दोघेही जगतात.

इथे मी सहकार्याचा उपदेश करीन, असे आपणांस वाटले असेल. तो मोह मी आवरतो. निसर्ग कोणत्याच पक्षाचा सभासद नाही. उलट एक कबुली द्यायला हवी. हे जीव सूर्यापासून पुरते स्वतंत्र नाहीत. त्यांना लागणारा प्राणवायू वरच्या उजेडातील वनस्पतींनीच पाण्यात सोडलेला असतो.

आता हिशेबाचा भाग. त्या धुराड्यांत तांबे आणि जस्त आहे, कुठे सोनेचांदीही आहे. साहजिकच डोळे तिकडे वळले आहेत. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी आर्विड पार्डो यांनी राष्ट्रसंघात मागणी केली की, समुद्रतळ ही अखिल मानवजातीची समाईक ठेव मानावी. १९८२ च्या समुद्रविषयक करारात ते तत्त्व आले. भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी हिंदी महासागरातील दहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा खनिजांच्या शोधाचा करार केला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या आणि चेन्नईच्या आपल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या साडेचार हजार मीटर खोलीवरील एका जिवंत उष्ण झऱ्याचे छायाचित्र मिळवले. याचा मला अभिमान आहे.

पण त्याच महासागरात २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली, जिच्या पायावर लोह-गंधकाचे खवले असतात. २०१९ मध्ये ती संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेली. तिच्या ज्ञात तीन वसतिस्थानांपैकी दोन खनिजशोधाच्या परवान्यांखाली होती.

तांबे नको, असे मी म्हणत नाही. तांब्याच्या तारेवाचून आपले दिवे लागणार नाहीत. माझी मागणी एवढीच: आधी हजेरीपट, मग कुदळ. तळाशी कोण राहते याची मोजदाद पुरी व्हावी, ती उघड प्रसिद्ध व्हावी, आणि समाईक ठेवीतून कोण किती उचलणार हे सर्व भागीदारांसमोर ठरावे. त्या भागीदारांत आपण सारे आहोत. कारण ठेव मानवजातीच्या नावावर आहे. ज्यांची नावे अजून हजेरीपटावर चढलेली नाहीत, त्यांच्या वतीने बोलणे हे माझे नेहमीचेच काम आहे. आज ते थोडे अधिक खोलवर गेले, एवढेच.