मुख्याध्यापक शाळेच्या दारात दिसावा

(विहाराच्या वर्धापनदिनी परिसरातील मुख्याध्यापक व शिक्षकांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा आम्हाला थोडीच लाभली. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, वाचनालयात बसून. तेव्हा मुख्याध्यापकांना आम्ही काय सांगणार, असे कोणी म्हणेल. पण लेकरे आमची आहेत, आणि शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाची खुर्ची आम्हाला परकी नाही. १९३५ साली खुद्द बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले होते. म्हणून पाच गोष्टी हात जोडून सांगणार आहोत.

पहिली गोष्ट गैरहजेरीची. साचेखात्यात सूत सारखे तुटते. चांगला जॉबर एका जागी बसत नाही, साच्यांमधून फेऱ्या मारतो. तुटल्याबरोबर सांधले तर काम चालू राहते. उशीर झाला की कापूस वाया. पोराचे तसेच आहे. कोणीही एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी सोमवारची दांडी, मग आठवड्यातले दोन दिवस, मग परीक्षेला पत्ता नाही, आणि शेवटी हजेरीपटावर शेरा पडतो, ‘सतत गैरहजर’. म्हणून मुख्याध्यापकांनी रोज शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटे दारात उभे राहावे. कोण उपाशी आले, कोण रडत आले, हे ऑफिसात बसून कळत नाही. सलग तीन दिवस मूल आले नाही तर चौथ्या दिवशी शाळेचे माणूस त्याच्या घरी गेले पाहिजे, तक्रार घेऊन नव्हे, विचारपूस करायला. आई आजारी असते, बापाचे काम सुटलेले असते, मुलगी धाकट्याला सांभाळत बसलेली असते. कारण कळले तर उपाय निघतो. वस्तीत घर सापडत नसेल तर विहारात निरोप द्या, आमची पोरे घर दाखवतील. आणि जो नववीतच सुटला, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते, हे शाळेनेच त्याला सांगावे.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. ज्याने स्वतः कधी साचा चालवला नाही, त्या जॉबरचे कोण ऐकतो? मुख्याध्यापकांनी रोज एक तरी तास स्वतः घ्यावा, आणि रोज एखाद्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावे. चूक दिसली तर शिक्षकाला एकट्याला बोलावून सांगावी. पोरांदेखत अपमान करू नये. चांगले शिकवले तर मात्र चारचौघांत सांगावे.

तिसरी गोष्ट झाडूची. बोलायला कडू आहे, पण बोललेच पाहिजे. वर्ग झाडायचा असला, मुतारीत पाणी टाकायचे असले, की कुणाच्या पोराच्या हातात झाडू आणि बादली येते? मुख्याध्यापकांनी हे डोळ्यांनी पाहावे. मुलांनी वर्ग झाडण्यात कमीपणा नाही. पण पाळी सर्वांची, हजेरीपटाच्या क्रमाने, यादी लावून. संडास साफ करणे हे तर कोणत्याच मुलाचे काम नव्हे. जेवणाची पंगतही एकच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्या काळात जमले, मग आज का जमू नये?

चौथी गोष्ट कागदाची. शाळेच्या जनरल रजिस्टरातली एक ओळ पोराला जन्मभर पुरते. पुढे जातीचा दाखला काढताना तीच ओळ पुरावा म्हणून मागतात. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या, पण नोंदच चुकली तर सवलत कागदावरच राहते. प्रवेशाच्या दिवशी नाव, जन्मतारीख, धर्म, जात पालकाला मोठ्याने वाचून दाखवावी, मगच सही घ्यावी. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, नंतर हेलपाटे. शाळा सोडल्याचा दाखलाही अडवू नये. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की आठवीपर्यंतच्या मुलाला दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश नाकारायचा नाही, आणि दाखला देण्यात दिरंगाई करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. याच कायद्याप्रमाणे सरकारी आणि पालिकेच्या शाळांत या समितीचे निदान पाऊण सभासद पालक असावेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. मुख्याध्यापक तिचे सचिव. पण बैठक कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवली तर धुणीभांडी करणारी बाई खाडा करून येणार का? मग वही घरी पाठवून सही घेतात, आणि झाली बैठक! असे करू नका. बैठक रविवारी घ्या, नाहीतर संध्याकाळी घ्या. आलेला पैसा किती, गेला कुठे, ते फळ्यावर लिहा. जी बाई दोन हजारांत महिना काढते तिला हिशेब कळतो.

आता थोडे आमच्याच लोकांना. मुख्याध्यापक दारात उभे राहिले आणि आपण पोराला झोपेतून उठवलेच नाही, तर त्यांनी काय करावे? समितीवर नाव आले की बैठकीला जा. विचारायला लाजू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, अंगठा देऊ नका.

मुख्याध्यापक महोदय, तुमच्या निरोप समारंभात हार पुष्कळ पडतील. पण तुमच्या कारकिर्दीत किती पोरे मध्येच गळाली, हा आकडा तुम्हीच वहीत लिहून ठेवा, आणि दरवर्षी तो कमी करा. आम्ही वस्तीवाले तुमच्या बरोबर आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!