दूर शिकणाऱ्या मुलांचे आजारपण आणि आपली पूर्वतयारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गौरवप्रसंगी, कसबे शिवथर येथे दिलेले व्याख्यान)



मी एक सामान्य शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पदव्या संपादन करणाऱ्या मुलांसमोर मी काय बोलावे, असा संकोच मला वाटतो. तथापि चिटणीसांनी आग्रह केला, म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगण्यास उभा आहे. विषय थोडा कटू आहे. मंगल प्रसंगी आजारपणाची भाषा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु पावसाळ्यापूर्वी घर शाकारणारा मनुष्य काही पावसाला आमंत्रण देत नसतो.

सन २००५ च्या जून महिन्यात माझा धाकटा मुलगा पुण्यास महाविद्यालयात दाखल झाला. त्याला अठरावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले होते. त्या वर्षीचा जुलै आपल्या तालुक्यात कोण विसरेल? २५ आणि २६ जुलै रोजी महाड शहर पाण्याखाली गेले. जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. रस्ते तुटले, वीज गेली, टेलिफोन मुके झाले. आम्ही आमच्या गावातल्या संकटात गुरफटलो होतो, आणि त्याच दिवसांत माझा मुलगा पुण्यास पोटदुखीने तळमळत होता.

दोन दिवस त्याने दुखणे कोणासही सांगितले नाही. तिसऱ्या रात्री खोलीतल्या सोबत्याने त्याला बळेच रुग्णालयात नेले. तोवर आंत्रपुच्छ, ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो, ते फुटले होते. डॉक्टरांनी विचारले, "कोणते औषध तुला बाधते का?" ज्वराच्या ग्लानीत तो एवढेच सांगू शकला, की लहानपणी एका इंजेक्शनाने अंगभर गांधी उठल्या होत्या. त्या औषधाचे नाव लिहिलेला कागद होता. पण तो शिवथरास, माझ्या पेटीच्या तळाशी! डॉक्टरांनी सावधपणे दुसरे औषध योजले, म्हणून निभावले.

मी पाचव्या दिवशी पुण्यास पोहोचलो. त्याच्या खाटेजवळ एक अनोळखी बाई बसून त्याला पेज भरवीत होत्या. त्या सोबत्याच्या मातोश्री. त्या वेळी पुण्यास आपल्या बहिणीकडे आलेल्या. चार रात्री त्या माउलीने माझ्या मुलाची उशाशी बसून शुश्रूषा केली होती. मी मुलाला जरा रागानेच विचारले, "अरे, आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "अण्णा, दुखण्याचा बाऊ करू नये, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

बंधुभगिनींनो, तीस-पस्तीस वर्षे मी वर्गात सोशिकतेचे गोडवे गायिले. त्या एका वाक्याने माझे मलाच कळले, की सहन केव्हा करावे हे मी शिकविले, पण बोलावे केव्हा हे शिकविले नाही. म्हणून आज पहिली गोष्ट विद्यार्थ्यांसच सांगतो. बेंबीभोवती सुरू झालेली वेदना उजव्या बाजूस खाली सरकली, तर दुखणे थांबविण्याची गोळी किंवा रेचक घेऊन पडून राहू नये. श्वास लागणे, फिट येणे, शुद्ध हरपणे, ताप न उतरणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका आणि ११२ वर सर्व प्रकारचे तातडीचे साहाय्य मिळते. दुखणे मनाचे असेल तर १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता पालकांसाठी. आपली मुले परगावी जातात ती जून-जुलैत, आणि आपले रस्ते बंद पडतात तेही त्याच दिवसांत. सावित्रीवरील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाडास पुन्हा महापूर आला आणि तळिये गावावर डोंगर कोसळला. वरंधा घाटाचा पावसाळ्यातील भरवसा तर आपण जाणतोच. तेव्हा "काही झाले तर आम्ही लगेच येऊ" हे आपले आश्वासन पुष्कळदा पोकळ ठरते. आपण पोहोचेपर्यंत मुलाजवळ आपल्या वतीने कोण उभे राहील, हे जाण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

या बाबतीत डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र मोठे उद्बोधक आहे. १८८३ साली त्या अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्याही नुकत्याच अठरा वर्षांच्या झाल्या होत्या. पती गोपाळराव इकडे. पत्र जावयास आठवड्यांमागून आठवडे लागत. परंतु कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून होता. त्या बाईंनी त्यांना न्यू जर्सीतील आपल्या घरी मुलीप्रमाणे ठेविले. पुढे थंडीने आणि क्षयाने आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. १८८६ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. ते दुखणे कोणीच परतवू शकले नसते. पण परदेशात त्या निराधार नव्हत्या, कारण ओळखीचे एक घर आधीच जोडून ठेविले होते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी कायद्याने सज्ञान होय. शस्त्रक्रियेस संमती त्याची स्वतःची लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले, की सज्ञान रुग्ण स्वतः निर्णय देण्याजोगा असताना आईची संमती त्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हा डॉक्टरांचा धर्मच आहे. म्हणून "माझ्या प्रकृतीची माहिती माझ्या आईवडिलांस व अमुक गृहस्थांस द्यावी" असे मुलाने सहीनिशी लिहून ठेवावे. मात्र मुलगा बेशुद्ध असेल आणि प्राणावर बेतले असेल, तर डॉक्टरांनी सहीसाठी अडून राहू नये. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, प्राण वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य होय.

तिसरा मुद्दा कागदांचा. एका जाड कागदावर मुलाचे नाव, जन्मतारीख, रक्तगट, बाधणारी औषधे, जुने आजार, नित्याची औषधे आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहावेत. त्यांतील एक क्रमांक आपल्या तालुक्याबाहेरचा असावा. आमचा सर्वांचाच फोन एकदम बंद पडला होता, हे मी विसरलेलो नाही. एक प्रत मुलाच्या पाकिटात, एक सोबत्याजवळ, एक घरी. हीच माहिती मोबाइलमध्ये अशी भरता येते, की कुलूप न उघडता परक्यालाही ती वाचता यावी. सोबत आधारपत्र व शिधापत्रिकेची प्रत असावी. आयुष्मान भारत योजनेखाली पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मान्यताप्राप्त रुग्णालयांत मिळतात, परराज्यातही. ज्यांनी विमा उतरविला आहे त्यांनी मुलगा किती वयापर्यंत त्यात धरला आहे, हे आजच वाचून पाहावे.

ज्यांची मुले परदेशी जातात त्यांनी तर अधिक दक्ष असावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी अमेरिकेत वाहनाच्या धडकेने बेशुद्धावस्थेत गेली. तिच्या पित्यास तिकडे जाण्याचा व्हिसा मिळण्यासाठी वर्तमानपत्रांतून आणि लोकप्रतिनिधींमार्फत धावाधाव करावी लागली. अशा वेळी निदान पासपोर्ट तरी हाताशी असावा. म्हणून मुलगा निघण्यापूर्वी आईवडिलांपैकी एकाने तरी तो काढून ठेवावा. अमेरिकेत 'हेल्थ केअर पॉवर ऑफ अटर्नी' नावाचे पत्र असते; आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे विद्यार्थी त्यात नमूद करतो. मुलाने तिकडे पोहोचताच ते भरावे.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती. पुणे, मुंबई, ठाणे, कोल्हापूर येथे आपले ज्ञातिबांधव वस्तीस आहेत. त्यांतील ज्या कुटुंबांची तयारी असेल त्यांची यादी करून दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावी. पैशाचे ओझे कोणावर नको. मध्यरात्री रुग्णालयात जाऊन उभे राहण्याची तयारी तेवढी हवी. ती पेज भरविणारी माउली ना आमच्या नात्याची होती, ना आमच्या ज्ञातीची. तिचे ऋण मी फेडू शकलो नाही. दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या उशाशी आपल्यापैकी कोणी बसले, तर त्यातले थोडे तरी फिटेल. म्हणून त्या यादीसाठी माझ्या मुलाचे पुण्यातील घर मी आजच लिहून देतो. त्याची संमती घेतली आहे. तो आता सज्ञान आहे!

विद्यार्थ्यांस दीर्घायुरारोग्य चिंतून माझे भाषण पुरे करतो.