माजी सैनिकांचे म्हातारपण आणि पेटीतले कागद



आम्ही बँकेच्या काउंटरमागे बसणारी माणसे. आम्हांस भाषणापेक्षा पासबुकाची भाषा जास्त कळते, तेव्हा त्याच भाषेत बोलतो.

1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यासाठी बाबासाहेबांनी केलेला पाठपुरावा आपणांस ठाऊकच आहे. पुढे आपल्या जिल्ह्यातूनही पोरे फौजेत गेली. त्यांतले कित्येक आज ऐंशीच्या घरात आहेत. कोणाला लकवा झाला, कोणाला दिसत नाही. त्यांना उठवायला, जेवू घालायला, कूस बदलायला घरात एक माणूस लागतो. हे काम बहुधा सुनेकडे येते. ती घरी थांबली की कापूस वेचायची तिची मजुरी बुडते. सेवेचा खरा खर्च तो आहे, आणि तो कोणत्याच बिलावर दिसत नाही.

अमेरिकेत युद्धकाळात सेवा केलेल्या, कमी उत्पन्नाच्या माजी सैनिकाला रोजच्या उठण्या-बसण्याला माणूस लागत असेल, तर पेन्शनवर वेगळी वाढ मिळते. आजार नोकरीतला नसला तरी मिळते. आपल्याकडे तसे नाही. आपला 'सतत परिचर भत्ता' शंभर टक्के अपंगत्वाचे पेन्शन घेणाऱ्यालाच मिळतो. ते अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले असावे लागते आणि वैद्यकीय मंडळाची शिफारस लागते. 1 जुलै 2017 पासून त्याचा दर महिना 6750 रुपये ठरला. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की तो 25 टक्के वाढतो. म्हातारपणी लकवा झालेला साधा पेन्शनर यात बसत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण यासाठी एजंटांना पैसे दिलेले लोक आमच्याकडे येतात.

मग साध्या पेन्शनराला काय आहे? वयानुसार वाढ आहे. ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के, पंच्याऐंशीला 30, नव्वदला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला पुन्हा तेवढेच पेन्शन. विधवेच्या कुटुंब पेन्शनलाही हाच नियम आहे. मूळ रक्कम किमान, म्हणजे 9000 असली, तरी ऐंशीला 1800 वाढतात, आणि त्यावर महागाई सवलत वेगळी. दुपारपर्यंत सोबतीला बसणाऱ्या बाईला देण्यापुरते तरी होतात.

पण ही वाढ अडते कोठे? जन्मतारखेवर! सैनिकाची तारीख फौजेने लिहून ठेवलेली असते. बायकोची कोणी लिहिली? जुन्या पीपीओवर पुष्कळदा तो रकाना कोराच असतो. बाई पंच्याऐंशीची झाली तरी कागदावर तिला वयच नाही, म्हणून वाढही नाही. दुसरे असे की, आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. फौजेच्या कागदावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला नवरा गेल्यावर वर्ष जाते. एका बँकेत अशा म्हातारीला तीन वेळा परत पाठवल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. नवरा हयात असताना हीच दुरुस्ती त्याच्या सहीच्या अर्जाने आणि रेकॉर्ड ऑफिसकडून पुष्कळ सोपेपणाने होते. पूर्वी ही रक्कम बँकेच्या पेन्शन कक्षातून निघे. आता संरक्षण खात्याचे बहुतेक पेन्शन 'स्पर्श' प्रणालीतून येते. यंत्र कोऱ्या रकान्याला दया दाखवीत नाही.

ज्यांना पेन्शनच नाही, म्हणजे पंधरा वर्षे भरण्याआधी घरी आलेले, त्यांचे काय? हवालदार व त्याखालच्या हुद्द्याच्या, पासष्ट वर्षांवरील निराधार माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दारिद्र्य अनुदान मिळते. ते महिना 4000 होते. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8000 झाले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची शिफारस लागते. 'आपण पेन्शनर नाही, म्हणजे आपण कोणी नाही' असे समजून घरी बसलेले म्हातारे आपल्याच वस्तीत असतील. त्यांना हे जाऊन सांगावे.

ज्यांच्या घरी जुना सैनिक आहे त्यांनी आज रात्री पेटी उघडून डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढावेत. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख मोठ्याने वाचावी, आणि आधारशी ताडून पाहावी. कार्यालय यवतमाळलाच आहे. उमरखेड किंवा झरी जामणीहून येणाऱ्याचा सगळा दिवस मोडतो, तेव्हा मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही पहिल्याच फेरीत आणावेत. वयाचा कोणता पुरावा चालेल हे निघण्यापूर्वी फोन करून विचारून घ्यावे. आम्हीही सभा संपल्यावर मागच्या खोलीत बसणार आहोत. कोणाला अर्ज लिहून हवा असेल त्यांनी यावे.